सेफ्टी व्हॉल्व्हची सीट लीक टेस्ट: बुडबुडे मोजण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. शटडाऊनमध्ये लाइनवरून काढलेला २ जे ३ मापाचा (इनलेट २ इंच, आउटलेट ३ इंच, आतलं ओरिफिस म्हणजे वाटेचं छिद्र ‘जे’ आकाराचं) सेफ्टी रिलीफ व्हॉल्व्ह आहे, प्रेशर ठरलेल्या मर्यादेवर गेलं की आपोआप उघडणारा. मेटल सीट (डिस्क, म्हणजे झाकणाची चकती, जिच्यावर बसते ती कडा), बंद बॉनेट (स्प्रिंगभोवतीचं आवरण), बेलोज (स्प्रिंगची बाजू आउटलेटपासून वेगळी ठेवणारा लवचीक धातूचा नळा) नाही, सेट प्रेशर (ज्याला व्हॉल्व्ह उघडतो) १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर, प्रेशरसाठी पुढे नुसतं किलो. ओव्हरहॉल झाल्यावर टेस्ट बेंचवर १०.१ किलोला स्वच्छ पॉप झाला, म्हणजे झटक्यात उघडला. ९ किलोवर बबल टेस्ट (सीटमधून गळणारी हवा पाण्यात बुडबुडे मोजून बघणं) घेतली तेव्हा सकाळी शून्य बुडबुडे आले आणि दुपारी मिनिटाला ३५. मर्यादा ४० ची आहे, मग पास करायचा का? आणि अ‍ॅडजस्टिंग स्क्रू (स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करणारा) थोडा आवळला की बुडबुडे थांबतात, तर तसंच करून सील का लावू नये?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्याआधी एक गोष्ट: सकाळचं शून्य आणि दुपारचे ३५, हे दोन्ही आकडे आज विश्वासाचे नाहीत. बुडबुड्यांची टेस्ट दिसायला सोपी आहे, म्हणून ती घाईत उरकली जाते. खरं काम मोजण्याच्या एका मिनिटाच्या आधीचं आहे.

आधी मर्यादेचं बघू. सीट लीकेजसाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एपीआय ५२७ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं मानक) वापरतात. त्यातला ४० चा आकडा लहान ओरिफिससाठी आहे. मेटल सीट आणि सेट प्रेशर १००० पीएसआयपर्यंत, म्हणजे सुमारे ७० किलोपर्यंत असेल, तर इफेक्टिव्ह ओरिफिस ०.३०७ चौरस इंच किंवा त्याहून लहान (डी, ई, एफ) असलेल्या व्हॉल्व्हला मिनिटाला ४० बुडबुडे चालतात. जी पासून पुढच्या सगळ्यांना २०. जे ओरिफिस १.२८७ चौरस इंचांचा आहे, त्यामुळे तुमची मर्यादा २० ची आणि ३५ म्हणजे नापास. ७० किलोच्या वर ही मर्यादा सैल होत जाते: १०५ किलोच्या आसपास ६० आणि ३०, १४० च्या आसपास ८० आणि ४०. सॉफ्ट सीट (रबरासारख्या मऊ मटेरियलची) असेल तर हिशेबच नको, एक मिनिटात एकही बुडबुडा येता कामा नये.

मोठ्या ओरिफिसला मर्यादा कडक कशी, असं पुष्कळांना वाटतं. मोठ्या सीटवर तेवढ्याच प्रेशरला स्प्रिंगचा एकूण जोर जास्त असतो, ती घट्ट बसवणं सोपं जातं. डी-ई सारख्या छोट्या सीटवर सगळा खेळ फार थोड्या जोरावर चालतो, म्हणून तिथे सूट दिली आहे. मिनिटाला २० बुडबुडे म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ लिटर हवा, एक बुडबुडा सुमारे ०.३ मिलिलिटरचा. हा ०.३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता स्क्रू आवळण्याचं. जे ओरिफिसचं क्षेत्रफळ ८.३ चौरस सेंटिमीटर. १० किलोला सेट केलेल्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग डिस्कला साधारण ८३ किलोच्या जोराने खाली दाबते. ९ किलोवर आतलं प्रेशर डिस्कला सुमारे ७५ किलोने वर ढकलतं. सीटवर उरतात जेमतेम ८ किलो. सीट घट्ट राहते ती या उरलेल्या जोरावर. आता स्क्रू आवळून सेट प्रेशर १०.३ केलं तर सेट प्रेशर तीनच टक्के वाढलं, पण ९ किलोवर सीटवरचा जोर ८ वरून जवळजवळ ११ झाला, म्हणजे ३० टक्के जास्त. बुडबुडे थांबतात ते त्यामुळे. सीटवरचा ओरखडा आहे तिथेच आहे, फक्त तो दाबला गेला. आणि ७० पीएसआयच्या वर सेट प्रेशरची सूट अधिक-उणे ३ टक्के, म्हणजे तुमच्या व्हॉल्व्हला ९.७ ते १०.३. बेंचवरच काठावर नेऊन ठेवलेला व्हॉल्व्ह प्लँटमध्ये कधी १०.५ ला उघडेल सांगता येत नाही. व्हेसलचं (ज्याला हा व्हॉल्व्ह वाचवतो त्या दाबाच्या टाकीचं) डिझाइन प्रेशर १० असेल तर तुम्ही लीक लपवण्यासाठी व्हेसलचं संरक्षण गहाण टाकलं. हे कधीही करू नका. कंत्राटदाराचा माणूस सुचवत असेल तर त्याला बेंचपासून दूर करा.

याच हिशेबातून गेजचं महत्त्व कळतं. ९.० ऐवजी प्रत्यक्षात ८.८ किलोच असेल तर सीटवरचा जोर २० टक्के वाढतो आणि नापास होणारा व्हॉल्व्ह पास होतो. बेंचवर ० ते २५ किलोचं, १ टक्का अचूकतेचं गेज लावलं असेल तर त्याची चूक पाव किलोपर्यंत जाऊ शकते, म्हणजे सीटवरच्या जोराच्या पाव हिश्शाएवढी. १० किलोच्या व्हॉल्व्हला ० ते १६ किलोचं, मोठ्या डायलचं, चालू कॅलिब्रेशनचं गेज घ्या. शक्यतो दोन गेज शेजारी शेजारी लावा. दोन्हीत फरक दिसला की टेस्ट तिथेच थांबवायची, कोणतं बरोबर ते नंतर शोधायचं.

टेस्ट प्रेशर किती? सेट प्रेशर ५० पीएसआयच्या (साडेतीन किलोच्या) वर असेल तर सेट प्रेशरच्या ९० टक्के. त्याच्या खाली असेल तर सेट प्रेशरपेक्षा ५ पीएसआय, म्हणजे ०.३५ किलो कमी. ३ किलोच्या व्हॉल्व्हची टेस्ट २.६५ ला होते, २.७ ला नाही. इथे एक गोष्ट विसरली जाते. ज्या व्हॉल्व्हचं बेंचवरचं सेटिंग तापमानासाठी किंवा बॅक प्रेशरसाठी (आउटलेट बाजूला असलेल्या दाबासाठी) बदललेलं असतं, त्याची टेस्ट त्या बदललेल्या बेंच सेटिंगच्या ९० टक्क्यांवर घ्यायची. नेमप्लेटवर १० आणि बॅक प्रेशर वजा करून बेंचवर ९ ला सेट केलेला कन्व्हेन्शनल (बेलोज नसलेला) व्हॉल्व्ह ९ किलोवर लीक टेस्टला लावला तर तो उघडणारच, त्यात त्याचा दोष नाही.

मोजणीचं सामान

आउटलेट फ्लँजवर कव्हर, त्यातून बाहेर येणारी नळी, आणि नळीचं तोंड पाण्यात. नळीचा बाहेरचा व्यास ७.९ मिलिमीटर, जाडी ०.८९ मिलिमीटर, म्हणजे आतून साधारण ६ मिलिमीटर. तोंड सरळ कापलेलं, बर काढून गुळगुळीत केलेलं, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आणि १२.७ मिलिमीटर खाली. ही मापं उगीच नाहीत. जाड नळी लावली तर बुडबुडे मोठे आणि संख्येने कमी. नळी ३० मिलिमीटर खोल बुडवली तर हवेला बाहेर पडायला जास्त जोर लागतो आणि ती दुसरी वाट शोधते. तोंड तिरकं कापलं तर बारीक बुडबुड्यांची माळ लागते, मोजताच येत नाही. पाणी साधं हवं. साबणाचं पाणी गळती शोधायला चांगलं, मोजणीच्या भांड्यात नको, त्याने बुडबुड्याचा आकार बदलतो.

खोट्या शून्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हवेला नळीखेरीज दुसरी वाट मिळणं. बेलोज नसलेल्या बंद बॉनेटच्या व्हॉल्व्हमध्ये बॉनेटची पोकळी आतून आउटलेटला जोडलेली असते. पॉप टेस्टमध्ये सेटिंग करताना कॅप काढलेली असते आणि तशीच बाजूला राहते. मग सीटमधून सुटलेली हवा बॉनेटमध्ये चढते, अ‍ॅडजस्टिंग स्क्रूच्या आट्यांमधून शांतपणे बाहेर जाते, आणि भांड्यात शून्य. म्हणून कॅप तिच्या गॅस्केटसह बसवूनच बबल टेस्ट. बॉडी ड्रेनचा प्लग टेप लावून घट्ट. कव्हरचं रबर फ्लँजवर पूर्ण बसलेलं. जुन्या फ्लँजच्या फेसवर गंजाचे खड्डे असतील तर तिथून हवा निसटते.

वाट एकच आहे हे आधी सिद्ध करा. कव्हरवर एक छोटं टी कनेक्शन ठेवा. आउटलेटच्या बाजूने थोडीशी हवा सोडा, अगदी पाण्याच्या काही सेंटिमीटर दाबाएवढी, आणि नळीतून बुडबुडे येतात का ते बघा. मग नळीचं तोंड बोटाने बंद करून कॅप, ड्रेन, बॉनेटचा जोड आणि कव्हरभोवती साबणपाणी लावा. कुठेच फेस नाही, तर सामान खरं बोलतंय. याला दोन मिनिटं लागतात. ही तपासणी न करता लिहिलेलं शून्य रिपोर्टमध्ये घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कव्हरबद्दल सुरक्षेची गोष्ट. आउटलेटला पूर्ण बोल्ट मारून ब्लाइंड (बंद फ्लँज) लावायचा आणि त्यातून सहा मिलिमीटरची नळी काढायची, हे धोक्याचं आहे. चुकून व्हॉल्व्ह पॉप झाला तर इनलेटचं सगळं प्रेशर बॉडीत येतं आणि नळीतून ते सुटत नाही. बॉडीची आउटलेट बाजू इनलेटपेक्षा पुष्कळदा खालच्या क्लासची असते. १०० किलोच्या व्हॉल्व्हवर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. कव्हर असं हवं की आत प्रेशर आलं की ते स्वतः सुटेल: स्प्रिंगच्या हलक्या दाबाने धरलेलं, किंवा मधोमध पातळ रबराचा पडदा असलेलं जो फाटून वाट करून देईल. माणसाने आउटलेटसमोर उभं राहायचं नाही, बाजूने भांडं बघायचं. नायट्रोजन सिलिंडरवर काम असेल तर खोली बंद नको.

तापमान, आणि सकाळ-दुपारचा फरक

तुमच्या दोन आकड्यांमागे कॅपचा घोळ असू शकतो, पण मला तापमानाचा जास्त संशय आहे. बॉडी आणि बॉनेटमधली पोकळी मिळून २ लिटर धरा. आतली हवा एक अंश सेल्सियसने तापली तर ती सुमारे तीनशेव्या हिश्शाने फुगते: जवळजवळ ७ मिलिलिटर. एका बुडबुड्याला ०.३ मिलिलिटर, म्हणजे २२ बुडबुडे. सीटमधून काहीही न गळता, नुसत्या एका अंशाने तुमची २० ची मर्यादा ओलांडली. दुपारी शेडच्या पत्र्याखाली, दारातून ऊन बॉडीवर येत असताना मिनिटाला एक अंश वाढणं अवघड नाही. पॉप झाल्यावर लगेच मोजलं तरी हेच होतं. फुगून थंड झालेली हवा परत तापताना बुडबुडे सोडते.

उलट बाजूही आहे. स्टीमने धुऊन किंवा उन्हातून आणलेला गरम व्हॉल्व्ह सावलीत थंड होताना आतली हवा आकसते. सीटमधून येणारी गळती त्या आकसण्यात जिरते आणि भांड्यात शून्य दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. नळी पारदर्शक घ्या. बुडबुडे नाहीत आणि नळीत पाणी हळूहळू वर चढतंय, तर व्हॉल्व्ह थंड होतोय आणि ते शून्य खोटं आहे. इनलेटला प्रेशर नसताना बुडबुडे येत असतील तर तो तापतोय. म्हणून प्रेशर न देता दोन-तीन मिनिटं नळीकडे बघायचं. पाणी स्थिर, बुडबुडा नाही, मगच पुढे. यासाठी व्हॉल्व्ह आदल्या दिवशीच शॉपमध्ये आणून ठेवणं उत्तम.

टेस्टचा क्रम

व्हॉल्व्ह आल्यावर, खोलण्याआधी, आहे त्या स्थितीत पॉप टेस्ट घ्यायची. विषारी किंवा पेट घेणाऱ्या सेवेतला असेल तर आधी शुद्धीकरण, पण सीटला हात न लावता. हा आकडा पुढच्या तपासणीचा कालावधी ठरवायला लागतो, आणि एकदा खोलला की तो कायमचा गेला. बेंच सेटिंगच्या दीडपट प्रेशरपर्यंत उघडला नाही तर टेस्ट थांबवा. तो अडकलेला आहे असं समजून चौकशी सुरू करायची, आणखी प्रेशर देऊन बघायचं नाही. ज्याचा पॉप बरोबर आला त्याची लीक टेस्टही याच वेळी घ्या. कुठून, किती प्रेशरला लीक सुरू होतो ते कळलं तर दुरुस्ती आंधळी होत नाही.

ओव्हरहॉलनंतर आधी सेट प्रेशर पक्कं करा, निदान तीन पॉप एकसारखे यायला हवेत. मग ब्लोडाऊन रिंग (उघडलेला व्हॉल्व्ह किती प्रेशरला परत बसेल ते ठरवणारी) तिच्या अंतिम जागी न्या. बेंचची टाकी लहान असते म्हणून स्वच्छ पॉप यावा यासाठी रिंग वर चढवलेली असते, ती तशीच राहते आणि त्रास देते. डिस्क होल्डरला टेकेपर्यंत रिंग वर घ्यायची आणि तिथून उत्पादकाने दिलेले किंवा खोलताना नोंदवलेले तेवढे दाते खाली. रिंग होल्डरला टेकून राहिली तर ती डिस्कला सीटवर बसूच देत नाही, आणि तुम्ही दोन दिवस लॅपिंग (सीट घासून सपाट करणं) करत बसाल. रिंगची पिन दात्यांच्या मधल्या खाचेत हवी, दात्यावर टेकलेली नको. पिन बसल्यावर रिंग हाताने किंचित मागेपुढे हलली पाहिजे.

लॉकनट आवळा, कॅप बसवा, प्रेशर पूर्ण शून्यावर आणा. पॉपवरून खाली येता येता ९ किलोवर थांबून मोजणं चूक आहे, डिस्क तेव्हा पूर्ण बसलेली असेलच असं नाही. शून्यावरून सावकाश ९ पर्यंत चढा, शेवटचा एक किलो अगदी हळू. मग थांबा: इनलेट २ इंचापर्यंत असेल तर १ मिनिट, अडीच ते ४ इंचांना २ मिनिटं, ६ इंच आणि वरच्यांना ५ मिनिटं. त्यानंतर निदान एक मिनिट मोजणी. हा थांबण्याचा वेळ किमान आहे. बुडबुडे वेडेवाकडे येत असतील तर आणखी थांबा आणि सलग तीन मिनिटं वेगवेगळी मोजा. १८, १९, १८ आलं तर तो खरा लीक आहे आणि पास आहे. ३१, २२, १४ आलं तर तुम्ही तापमान मोजताय.

मोजताना सप्लाय बंद करून प्रेशर कोंडून ठेवू नका. बेंचच्या फिटिंगमधून थोडं सुटलं तरी ९ चं ८.७ होतं आणि मोजणी आपोआप सुधारते. रेग्युलेटर चालू ठेवा, एक माणूस गेजवर आणि एक भांड्यावर. हवा कोरडी आणि तेलविरहित हवी. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल सीटवर पातळ थर धरतं, तात्पुरतं सील करतं आणि लाइनवर गेल्यावर जळून जातं.

लीक कशामुळे, हे कसं ओळखायचं

मानक फक्त ९० टक्क्यांवरचा आकडा मागतं. तुम्ही ५०, ७०, ८० आणि ९० टक्क्यांवरही मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. लीक फक्त ८५ च्या पुढे सुरू होत असेल तर सीटचं फिनिश कमी पडतंय, बारीक लॅपिंगने भागेल. ५० पासूनच धार लागली तर लॅपिंगच्या मागे लागू नका: एक तर सीट कापली गेली आहे, किंवा डिस्क सरळ बसत नाही. प्रत्येक पॉपनंतर आकडा वाढत गेला तर बेंचवरच चॅटरिंग (डिस्कची सीटवर झपाट्याने आदळआपट) होतंय किंवा हवेतून कचरा येतोय. एका पॉपनंतर आकडा एकदम बदलतो, कधी ५ कधी ४०, असं असेल तर अलाइनमेंट बघा. वाकलेला स्पिंडल (स्प्रिंगचा जोर डिस्कपर्यंत नेणारा दांडा), झिजलेलं गाइड, स्प्रिंगचे तिरके टोक, वरखाली अदलाबदल झालेले स्प्रिंग वॉशर, स्पिंडलचं टोक जिथे डिस्क होल्डरवर टेकतं तिथला ओबडधोबडपणा: यातलं काहीही डिस्कला एका बाजूने दाबतं. खोलताना स्प्रिंग आणि तिचे दोन वॉशर तारेने एकत्र बांधून ठेवण्याची सवय यासाठीच असते. हायड्रोटेस्टच्या (पाणी भरून घेतलेल्या दाब चाचणीच्या) वेळी गॅग (व्हॉल्व्ह उघडू न देणारा स्क्रू) पान्याने करकचून आवळला असेल तर स्पिंडल वाकलेला सापडेल. लिव्हर असलेल्या व्हॉल्व्हमध्ये लिव्हरचा काटा आणि वरच्या नटमध्ये साधारण दीड मिलिमीटर मोकळीक नसेल तर लिव्हरच डिस्क उचलून धरतो.

नोझल (इनलेटची नळी, जिच्या वरच्या कडेवर सीट असते) बॉडीत आट्यांवर बसवलेलं असेल आणि ते सैल झालं असेल, तर हवा सीटमधून न येता नोझलच्या आट्यांमधून बॉडीत येते. भांड्यात फरक कळत नाही. सीट आरशासारखी आहे, डिस्क नवीन आहे, तरी बुडबुडे कमी होत नाहीत, अशा वेळी हे तपासा.

लॅपिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक नुकसान इथे होतं. डिस्क आणि नोझल एकमेकांवर घासायचे नाहीत, कधीच नाही. दोघांच्या चुका एकमेकांत उतरतात आणि डिस्क थोडी फिरली की लीक परत. दोघांना स्वतंत्र कास्ट आयर्नचा सपाट लॅपिंग ब्लॉक. ओरखडा नखाला लागत असेल तर आधी ३२० ग्रिटसारखं जाड कंपाउंड, मग ५००, शेवटी ९०० ते १००० चं पॉलिशिंग. ग्रिट बदलताना ब्लॉक बदला आणि सीट पूर्ण पुसा. जाड ग्रिटचा एक कण पुढच्या पायरीत राहिला तर सगळी मेहनत वाया. हात हलका, हालचाल इंग्रजी आठच्या आकाराची, नोझलवर ब्लॉक पूर्ण गोल न फिरवता मागेपुढे आणि थोड्या थोड्या वेळाने ब्लॉकची नवी जागा. ब्लॉकवर सीटच्या आकाराची चर पडली की तो ब्लॉक सीटच्या कडा गोल करतो, म्हणून त्याला रोज सपाट प्लेटवर घासून घ्यायचं. सपाटी बघायला ऑप्टिकल फ्लॅट आणि एकरंगी प्रकाश: पट्टे सरळ आणि समांतर हवेत, एका पट्ट्याचा फरक म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन. ऑप्टिकल फ्लॅट नसेल तर निदान सीटवर सर्व बाजूंनी एकसारखी चमक आहे का ते भिंगाने बघा, पण ही तडजोड आहे. आणि किती मटेरियल गेलं त्याची नोंद ठेवा. उत्पादकाने दिलेल्या किमान मापाच्या खाली डिस्क किंवा नोझल गेलं तर ते बदलायचं. स्टीमसाठी बनवलेल्या पातळ ओठाच्या डिस्कमध्ये तर ही मर्यादा फार लवकर येते.

सॉफ्ट सीटच्या व्हॉल्व्हमध्ये दर ओव्हरहॉलला ओ-रिंग नवी, जुनी कितीही चांगली दिसली तरी. मटेरियल टॅगवरून नाही, सेवेवरून तपासा. ईपीडीएम पाणी-स्टीमला चांगलं पण तेलात फुगतं. नेहमीचं व्हायटन तेलाला चांगलं पण स्टीमवर टिकत नाही.

बेलोज असलेल्या व्हॉल्व्हचा हिशेब वेगळा. तिथे बॉनेट आउटलेटपासून वेगळा असतो आणि त्याचा व्हेंट उघडा ठेवायचा असतो. बेलोज फुटला असेल तर सीटची गळती बेलोजमधून व्हेंटला जाते, भांड्यात कमी दिसते. आउटलेट बाजूने हवा देऊन व्हेंटवर साबणपाणी लावा. बंद सिस्टिममध्ये सोडणाऱ्या, १ इंचापेक्षा मोठ्या इनलेटच्या बंद बॉनेट व्हॉल्व्हच्या आउटलेट बाजूला एएसएमईनुसार (अमेरिकन प्रेशर व्हेसल कोडनुसार) निदान ३० पीएसआयची (२.१ किलोची) हवेची टेस्ट असते, ओव्हरहॉलमध्येही ती करावी, बॉनेटचा जोड आणि बेलोज दोन्ही एकदम तपासले जातात. व्हेंटला प्लग मारलेला सापडला तर तो काढून टाका, त्याने बेलोजचा उद्देशच संपतो.

स्टीमच्या, उघड्या बॉनेटच्या व्हॉल्व्हला बबल टेस्ट लागू पडत नाही, हवा वरूनच निघून जाते. तिथे स्टीमवर ९० टक्के प्रेशर, बॉडीत साचलेलं पाणी आधी काढून कोरडं करायचं, निदान ३ मिनिटं प्रेशर धरायचं आणि मग एक मिनिट काळ्या पार्श्वभूमीवर बघायचं: दिसणारी किंवा ऐकू येणारी गळती नको. पाण्यासारख्या द्रवाच्या व्हॉल्व्हला आउटलेट बाजूने बॉडी पाण्याने काठोकाठ भरायची, स्थिर होऊ द्यायची, मग इनलेटला प्रेशर देऊन सांडलेलं पाणी गोळा करायचं. मेटल सीटला १ इंच किंवा वरच्या इनलेटसाठी प्रत्येक इंचामागे ताशी १० मिलिलिटर. दीड इंची व्हॉल्व्हला १५ मिलिलिटर म्हणजे मिनिटाला साधारण पाच थेंब. बॉडी आधी न भरता मोजलं तर पहिला अर्धा तास काहीच बाहेर येत नाही आणि व्हॉल्व्ह फुकट पास होतो.

शॉपमध्ये पास, लाइनवर लीक

पहिला प्रश्न विचारा, व्हेसल किती प्रेशरला चालतं? १० ला सेट आणि ९.४ ला ऑपरेशन असेल तर सीटवर ५ किलोचा जोर उरतो. असा व्हॉल्व्ह गळणारच, आणि गळता गळता सीट कापली जाणार. हा मेंटेनन्सचा दोष नाही. प्रोसेसवाल्यांशी बोलायचा विषय आहे, किंवा सॉफ्ट सीट अथवा पायलट ऑपरेटेड (छोट्या सहायक व्हॉल्व्हने चालणाऱ्या) व्हॉल्व्हचा विचार करायचा. दुसरं कारण इनलेट लाइनमधला कचरा. वेल्डिंगचा स्लॅग आणि गंजाचे पापुद्रे पहिल्याच पॉपला सीटवर येतात, म्हणून व्हॉल्व्ह बसवण्याआधी व्हेसलचं नोझल साफ. तिसरं, आउटलेट पाइप. फ्लँज जुळत नाही म्हणून पुलीने ओढून बोल्ट मारले की बॉडी वाकते आणि सीट लंबगोल होते. आउटलेटचे बोल्ट सोडल्यावर पाइप उडी मारून बाजूला जात असेल तर कारण सापडलं. चौथं, वाहतूक: व्हॉल्व्ह उभाच न्यायचा, दोन्ही फ्लँजना कव्हर लावून, लिव्हर धरून उचलायचा नाही. इनलेट लाइनमधला प्रेशर लॉस सेट प्रेशरच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पॉपच्या वेळी चॅटरिंग होतं, आणि काही सेकंदांच्या चॅटरिंगने सीट खराब होते.

लाइनवर असताना लीक बघायला आउटलेट पाइपला स्पर्श करणारा किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर गरम सेवेत पुरतो. पाइप व्हॉल्व्हपासून दूर जाताना थंड होत गेला तर गळती इथलीच. थंड गॅसला अल्ट्रासॉनिक डिटेक्टर. लाइनवर स्पिंडल उचलून घेतलेली सेट प्रेशर टेस्ट उपयोगी आहे, पण ती सीट लीकेजबद्दल काही सांगत नाही. तिच्या प्रमाणपत्रावर लीकेजच्या रकान्यात टिक असेल तर कशाच्या आधारावर, ते विचारा.

एलपीजी, क्लोरीन, अमोनियासारख्या दाबाखालच्या साठवणीचे व्हॉल्व्ह असतील तर २०१६ चे प्रेशर व्हेसलचे नियम लागू होतात, ज्यांचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडे (केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संघटनेकडे) आहे. तिथे रिलीफ व्हॉल्व्हची टेस्ट दर वर्षी सक्षम व्यक्तीकडून करून घ्यायची असते. तुमच्या कंपनीचा पाच वर्षांचा कालावधी तिथे चालत नाही. बॉयलरवरचे व्हॉल्व्ह आयबीआरखाली (भारतीय बॉयलर नियमांखाली) येतात, त्यांचं सेटिंग स्वतःहून हलवू नका.

तुमच्या व्हॉल्व्हचं आता असं करा. कॅप, ड्रेन आणि कव्हर तपासून, सावलीत रात्रभर ठेवून, सकाळी प्रेशर न देता नळी तीन मिनिटं बघा. मग चार टप्प्यांवर मोजा. ९० टक्क्यांवर तीन मिनिटं सलग २० च्या आत आला तर पास. नाही आला तर स्क्रूला हात न लावता खोला आणि आधी रिंग, मग स्पिंडल, मग सीट या क्रमाने बघा. रिपोर्टमध्ये सेट प्रेशर, टेस्ट प्रेशर, थांबण्याचा वेळ, तिन्ही मिनिटांचे बुडबुडे, गेजचा नंबर, रिंगचे दाते आणि अ‍ॅडजस्टिंग स्क्रूची बॉनेटच्या वरची उंची लिहा. पुढच्या वेळी सीलबंद व्हॉल्व्हची ही उंची दोन मिलिमीटरने बदललेली दिसली, तर मधल्या काळात कोणीतरी स्क्रू फिरवला आहे हे कॅप काढल्याबरोबर कळेल.